आमच्या घरचं पित्त

हिवरखेड, १८ डिसेंबर २०२१

शकुनताई,

लग्नात तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "मले फोनवर काही समजत नाही, मनातलं बोलाचं असलं तर चिठ्ठी लिहीत जा." तेव्हा मला हसू आलं होतं. आज लिहायला बसले, कारण या घरात बोलायला कुणी नाही. फोन एकच, तो तुमच्या भावाच्या खिशात. त्यात काही लिहिलं की तुमच्या आई, आत्याबाई, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतात.

खुशी चौदा महिन्यांची झाली. अजून उभी राहत नाही. जन्मून आठ दिवस झाले नव्हते तेव्हा पहिल्यांदा अंगावर लाल चट्टे उठले. तेव्हापासून रोज संध्याकाळी उठतात, सकाळी विरतात. ती खाजवत नाही, नुसती कण्हते. महिन्यातून दोनदा ताप येतो, चार-पाच दिवस राहतो. हिवरखेड, तेल्हारा, अकोट, सगळीकडे दाखवून झालं. प्रत्येक जण पातळ औषधाची बाटली देतो आणि सांगतो की लेकरांना असं होतंच.

आत्याबाई म्हणतात, "तुह्या दुधातच काही आहे." चौथ्या महिन्यात त्यांनी माझं दूध तोडायला लावलं. तरी चट्टे आहेतच. आता म्हणतात, "नांदगावचं रक्तच नासकं. आमच्या घरात असं कधी नव्हतं." माझे वडील नांदगाव खंडेश्वरहून भेटायला आले, तर त्यांच्यासमोर पोरीचा सदरा वर करून म्हणाल्या, "पाहा, काय दिलं तुमी आमाले."

तुमचे भाऊ कुलदीप असं झालं की उठतात. वांग्याच्या वाफ्यात निघून जातात.

तुम्ही मोठ्या आहात. अमरावतीत चार डॉक्टर ओळखीचे असतील. काय करू, सांगा.

तुमची,
दीपमाला

अमरावती, ३ जानेवारी २०२२

दीपमाला,

तुही चिठ्ठी प्रणालीच्या बाबानं फुलांच्या पाटीत टाकून दुकानातून घरी आणली. झेंडूचा वास लागला होता तिले. 

अवं, लेकराच्या अंगावर पित्त उठते, त्यात एवढं घाबरतात का? गेरू उगाळून लाव. आमसुलाचं पाणी चमचाभर पाज. अन आईचं मनावर घेऊ नको, तिचं तोंड जन्माचं तिखट आहे. म्या तेवीस वर्षं ऐकलं, नंतर लग्न करून सुटली.

एक मात्र कर. पोट्टीले सकाळच्या वाऱ्यात नेऊ नको. मोटारसायकलवर समोर बसवू नको. कोमट पाण्यानंच आंघोळ घाल, अन आंघोळ झाल्याबरोबर गुंडाळ. उन्हाळ्यात कूलरसमोर झोपवू नको. एवढं केलं तर कमी होतीन.

डॉक्टरांच्या मागं लय धावू नको. सुईवर सुई टोचतात, अन पोरीच्या जातीले एखादं नाव चिकटवून देतात. ते नाव मंग जन्मभर निघत नाही. तुले आज समजणार नाही, पण पोरीची आई होऊन वीस वर्षं झाली मले.

स्वेटर अन कानटोपी पाठवून राहिली. प्रणालीनं विणली. तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे.

शकुन

हिवरखेड, २७ फेब्रुवारी २०२२

ताई,

तुम्ही सांगितलं तसं केलं आणि खरंच फरक पडला. सातपुड्याचा वारा सुटला की खिडक्या लावून घेते. चट्टे गेले नाहीत, पण निम्मे झाले. एक विचारते. थंडीनं वाढतात असं मी लिहिलंच नव्हतं. माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?

आता दुसरं. जानेवारीच्या शेवटी ताप उतरेना, म्हणून अकोल्याला एका दवाखान्यात अकरा दिवस भरती होतो. बाटल्यांमध्ये रक्त घेऊन जंतू वाढवून पाहिले, तीनदा. एकदाही जंतू निघाला नाही, आणि रक्ताच्या कागदावर अंगातली सूज मात्र एवढी की डॉक्टर पुन्हापुन्हा तोच आकडा पाहत होते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. तिला वाकवून धरायचं काम माझ्याकडे होतं. ती ओरडली नाही, ताई. ओरडायचं त्राण नव्हतं. नुसती माझ्याकडे पाहत होती, की धरणारी हीच आहे.

शेवटी म्हणाले, टीबी असू शकतो. सहा महिन्यांचं औषध सुरू केलं. आत्याबाईंनी तिची वाटी-चमचा वेगळा केला. माझाही केला.

दीपमाला

अमरावती, २० मार्च २०२२

दीपमाला,

कसं कळलं काय विचारते! आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या लेकराले तसंच होतं. मोठं झाल्यावर आपोआप गेलं. तुह्या पोट्टीचंही जाईन.

टीबी म्हणतात तर औषध पूर्ण कर. औषध लागू पडलं म्हणजे झालं.

इकडे एक चांगलं घडून राहिलं. प्रणालीले भातकुलीचं स्थळ आलं. खुशालराव म्हणून आहेत, काळी जमीन, घरचा संत्र्याचा बगीचा, अन पोरगा श्याम बँकेत. पोरानं तिले पाहिलं अन दुसऱ्या दिवशी होकार दिला. मेमध्ये साक्षगंध करून अंगठी घालू म्हणतात. माह्यासारख्या बहिऱ्या बाईच्या पोरीले असं घर मिळणं म्हणजे काय, ते मले ठाऊक. तिच्या दोन स्थळांनी मले पाहूनच पाठ फिरवली होती.

म्हणून एक सांगते, वाईट वाटून घेऊ नको. साक्षगंधाले तू ये, कुलदीप येऊ दे, आई येऊ दे. खुशीले तुह्या माहेरी ठेवून ये. लोक चट्टे पाहतीन, विचारतीन, कोणाची पोट्टी, पोरीची कोण लागते. मामाची पोरगी म्हटलं की सरळ घरावर येते.

शकुन

हिवरखेड, ११ ऑगस्ट २०२२

ताई,

साक्षगंधाला मी आले नाही. तिला ठेवून मला येता आलं नाही, आणि घेऊन यायची तुमची मनाई होती. आत्याबाईंनी काय कारण सांगितलं ते मला माहीत नाही.

टीबीचं औषध संपत आलं, ताप तसाच आहे. आता डोळे लाल होतात. सकाळी उठली की डोकं धरून रडते आणि उलटी करते. म्हणून माझ्या वडिलांनी आम्हाला अकोल्यालाच दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. डॉ. चंदा इंगोले. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सगळ्या फायली जमिनीवर पसरल्या आणि तासभर वाचल्या. मग मला विचारायला लागल्या. चट्टे खाजतात का? नाही. रोज येतात का? रोज. थंड हवेनं वाढतात का? मी म्हटलं, हो, आणि हे मला माझ्या नणंदेनं सांगितलं.

तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "नणंदेला कसं माहीत?"

मी म्हटलं, शेजारच्या लेकराला होतं.

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले, ते जसेच्या तसे लिहिते. बापाच्या किंवा आईच्या घरात कुणाला तरुणपणी ऐकू येईनासं झालं का? कुणाची किडनी गेली का? कुणाला थंडीत असे चट्टे उठायचे का? त्यांचं म्हणणं असं की काही लेकरांच्या शरीरात जंतू नसतानाही सूज सारखी पेटत राहते. फार थोड्यांना होतं. ते एकाच घरात पिढ्यानपिढ्या उतरतं, निम्म्या लेकरांना येतं, निम्म्यांना नाही. वेळेत ओळखलं तर त्यावर सुई आहे. नाही ओळखलं तर आधी कान जातात, मग किडनी.

ताई, माझ्या माहेरी असं कुणीच नाही. मला तुमची आठवण झाली, आणि तुमच्या बाबांची, मामाजींची. मामाजींना मी पाहिलं नाही, पण ते बहिरे होते आणि किडनीनं गेले, हे ऐकलं आहे. कुलदीप म्हणतात, "मी लहान होतो, मले काय माहीत." आत्याबाई म्हणतात, "आमच्या घरात काही नाही, मास्तरणीसारखं विचारू नको."

डॉक्टरांनी खुशीच्या कानांची तपासणी केली. मशीन लावून, झोपवून. कान अजून जवळजवळ चांगले आहेत. रक्ताची एक तपासणी बाहेर पाठवावी लागेल, ती साधी नाही, म्हणून आधी घरातली माहिती हवी. तीन आठवड्यांनी बोलावलं आहे.

तुमचे कान कशानं गेले? मामाजींचे कशानं गेले? खरं लिहा. बाकी मला काही नको.

दीपमाला

अमरावती, २४ ऑगस्ट २०२२

दीपमाला,

तू विचारलं म्हणून सांगते, नाही तर मेलेल्या माणसाचं काढू नये.

बाबांचे कान सुरुंगानं गेले. आपल्या मळ्यातली विहीर खोदून राहिले होते तेव्हाची गोष्ट. दगड लागला म्हणून सुरुंग लावला, तो वेळेआधी फुटला. बाबा काठावरच होते. आठ दिवस कानातून रक्त येत होतं. किडनी गेली ती गोळ्यांनी. पाठ दुखे म्हणून दुकानातल्या लाल गोळ्या मूठमूठ खात.

माहे कान टायफाईडच्या इंजेक्शननं गेले. बावीस वर्षांची होती. हे सगळ्यांले माहीत आहे, तुह्या बापालेही लग्नाच्या वेळी सांगितलं होतं.

चट्टे कोणाले नव्हते. मले नव्हते, बाबांले नव्हते. प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवून लिहिते.

त्या डॉक्टरणीले असं सांग. अन माह्या पोरीचं लग्न फेब्रुवारीत आहे, तोपर्यंत घराण्यात रोग आहे असा शब्द कोणाच्या तोंडून काढू नको. उगीच नसलेल्या गोष्टीनं एका पोरीचा संसार मोडीन.

शकुन

हिवरखेड, ३० सप्टेंबर २०२२

ताई,

तुमचं पत्र कुलदीप आणि आत्याबाईंसमोर वाचून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता पटलं?"

डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, घरात कुणाला नसलं तरी एखाद्या लेकरात हा आजार नव्यानं येऊ शकतो, तपासणी करून टाकू. पण कुलदीप म्हणाले, "आमच्यात नाहीच तर पोरीच्या रक्ताचे बंगलोरपर्यंत धिंडवडे कशाले?" कागदावर बापाची सही लागते. त्यांनी केली नाही.

आता सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आहेत. त्यानं ताप थोडा कमी आहे, तोंड फुगून भोपळ्यासारखं झालं. गल्लीतले म्हणतात, पोट्टी सुधरली.

प्रणालीच्या लग्नाला शुभेच्छा.

दीपमाला

हिवरखेड, १९ जून २०२३

ताई,

खूप दिवसांनी लिहिते.

परवा भेंडी भरायला टेम्पो आला होता. खुशी बांधावर माती खेळत बसली होती, टेम्पोकडे पाठ करून. ड्रायव्हरनं मागं घेताना हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग सोडलाच नाही. मी शेताच्या धुऱ्यावरून धावले. मी तिला उचललं तेव्हा चाक तिच्या पायापासून एवढं, हातभर लांब होतं. तिनं टेम्पो पाहिला आणि तेव्हा दचकली.

काल अकोल्याला नेलं. त्याच मशीनवर पाहिलं. दोन्ही कान गेले. मोठा आवाज थोडा समजतो, बोलणं नाही.

आता मला सगळं उमगतं आहे. दिवाळीत ती "आई", "पाणी", "मावू" म्हणत होती. संक्रांतीपर्यंत "पाणी" गेलं. होळीपर्यंत काहीच उरलं नाही. आम्हाला वाटलं, हट्टी झाली. आत्याबाई म्हणायच्या, "आयकतच नाही मेली, लाडावली." हाक मारली की वळायची नाही, म्हणून त्या पाठीत धपाटा घालायच्या.

मी पण मारलं, ताई. चार महिने मारलं. एकदा चुलीजवळ जात होती, मी ओरडले, थांबली नाही, म्हणून लाकडानं मारलं. पायावर वळ आला. चट्टे आणि वळ एकाच रंगाचे होते. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलंच नव्हतं की मी आधी हाक मारली होती.

डॉक्टर म्हणाल्या, आता तरी तपासणी करू द्या. कुलदीप काल रात्रभर ओट्यावर बसून होते, सकाळी म्हणाले, करू.

हे तुम्हाला का लिहिते मला माहीत नाही. लिहायला दुसरं कुणी नाही.

दीपमाला

अमरावती, ८ जुलै २०२३

दीपमाला,

तुही चिठ्ठी येऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहाले बसते अन उठते. आज घरात कोणी नाही.

सुरुंग खरा फुटला होता. पण तो फुटला तेव्हा बाबा अकोटच्या बाजारात होते. त्यांचे कान त्याच्या आधीच गेले होते. त्यांच्या आईचेही गेले होते. तिच्या अंगावर हिवाळाभर चट्टे राहत. आमच्यात त्याले "घरचं पित्त" म्हणत. घरात म्हणायचं, बाहेर नाही.

मले सोळाव्या वर्षापासून आहे. सायकलवर शाळेतून आली की हात लालेलाल, रात्री गुडघे असे ठणकत की भिंतीले पाय लावून झोपे. एकोणिसाव्या वर्षी कान कमी व्हाले लागले. टायफाईड झाला होता, पण तो नंतर. लग्नाआधी बाबानं मले अंगणात बसवून सांगितलं, "कोणी विचारलं तर टायफाईडनं गेले म्हण. तुह्या मागं कुलदीप आहे." मी तेव्हापासून तेच म्हणून राहिली. म्हणता म्हणता मलेही खरं वाटे.

कुलदीपचे डोळे पाहिले का कधी? संध्याकाळी लाल होतात. लोक म्हणतात पिऊन आला. तो कधी पीत नाही. आईले सगळं माहीत आहे. पहिल्या आठवड्यात खुशीच्या अंगावर चट्टे पाहून तिनंच मले प्रणालीच्या बाबाच्या फोनवर निरोप धाडला होता, "आलं बाई पुन्हा." मंग तुह्या दुधाले नाव ठेवलं.

तुले पाहाले आलो होतो तेव्हा तुह्या बापानं विचारलं, घराण्यात काही आजार? कुलदीपले माहीत नव्हतं, आई गप्प बसली. उत्तर म्याच दिलं.

तू ऑगस्टात विचारलं तेव्हा प्रणालीच्या लग्नाची तारीख नुकतीच धरली होती. तिच्याही हातावर थंडीत उठते. म्या तिले लांब बाह्याचे कपडे घालाची सवय लावली. म्या विचार केला, सहा महिने. सहा महिन्यांत पोट्टीले काय होणार आहे? लग्न झालं की सांगीन. लग्न झालं, अन मंग वाटलं, आता काय सांगाचं, गोळ्या चालू आहेत, बरं आहे असं आई सांगे.

डोक्यावर हात खरंच ठेवला होता. ती जेवून राहिली होती. म्हणाली, काय झालं आई? म्या म्हटलं, काही नाही, केस पाहून राहिली.

हे वाचून जाळून टाक.

शकुन

हिवरखेड, २ नोव्हेंबर २०२३

शकुनताई,

पत्र जाळलं नाही. दुसऱ्या दिवशी अकोल्याला घेऊन गेले आणि डॉ. चंदांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग फाईलमधून गेल्या वर्षीच्या ऑगस्टचा कानाचा कागद काढला आणि जूनच्या कागदाशेजारी ठेवला.  मीच विचारलं, तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर?

त्या म्हणाल्या, "हा प्रश्न घरी नेऊ नका."

मी घरी आणला. तुम्हाला पाठवते.

तपासणीत तेच निघालं, खुशीचं आणि कुलदीपचं. कागद वाचून कुलदीप हसले. म्हणाले, "म्हणजे मी दारुडा नाही." मग आत जाऊन आईसमोर उभे राहिले. तुमची आई म्हणाली, "आमच्या काळी कुठं होते असे तपास? अन पोट्टी जगली ना?" कुलदीपनं त्या दिवसापासून तिच्या हातचं खाल्लं नाही. मी खाते. मला रोज तिच्यासमोर बसून जेवायचं आहे.

सुई देशाबाहेरून, परवानग्या काढून येते. ती कशी मिळवली ते लिहीत बसत नाही, डॉक्टरांनी माझ्यापेक्षा जास्त दारं ठोठावली. आता रोज मांडीत टोचायची, मीच टोचते. पहिल्या सुईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिचा सदरा वर करून बसून राहिले. पाच वाजले, सहा वाजले, दिवा लावला. चट्टे आले नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीचं अंग पाहिलं. उजव्या कुशीवर तीळ आहे तिच्या. मला माहीतच नव्हतं.

ताप नाही, उलटी नाही. धावते. कान आले नाहीत. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणं अवघड, राहिलेलं वाचेल, किडनी वाचेल. ऐकायचं मशीन कानात लावून पाहिलं तर घाबरून ओरबाडून काढते.

डॉक्टरांना तुमचं आणि प्रणालीचं रक्त हवं आहे. तुमच्यासाठी उशीर झाला असेल, तिच्यासाठी नाही.

दीपमाला

अमरावती, २० नोव्हेंबर २०२३

दीपमाला,

प्रणालीले पाचवा महिना चालू आहे.

तिले सांगू नको. तुह्या पाया पडते. लपवून लग्न लावलं म्हणून भातकुलीचे लोक तिले आणून टाकतीन. पोटात लेकरू घेऊन कुठं जाईन ती? बाळंतपण होऊ दे. मी स्वतः सांगीन. या वेळी नक्की सांगीन.

तुह्या पोरीचं जे व्हाचं होतं ते झालं. माह्या पोरीचं करून ते भरून निघणार आहे का? तूही आई आहेस, समजून घे.

मले शिव्या दे, आईले दे. तिले सोड.

शकुन

हिवरखेड, ९ जानेवारी २०२४

तुमची चिठ्ठी आली त्याच आठवड्यात मी खुशीला घेऊन भातकुलीला गेले.

खोटं लिहीत नाही, मी चांगल्या मनानं गेले नव्हते. ठरवून गेले होते की सगळ्यांसमोर सांगायचं. बैठकीत खुशालराव होते, त्यांची बायको होती, श्याम बँकेतून आला होता. प्रणाली चहा घेऊन आली, लांब बाह्यांचा गाऊन घालून. मी पिशवीतून तुमचं जुलैचं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून. हात ठेवल्याचंही वाचलं. ती जेवत होती, तेही वाचलं.

 खुशी बशीतली बिस्किटं एकावर एक रचत होती.

मग प्रणालीच्या सासूनं विचारलं, "बाळाले झालं तर वाचवता येते का?" मी म्हटलं, वेळेत दाखवलं तर कानही वाचतात. त्या म्हणाल्या, "मंग उद्याच चला. एवढ्यासाठी लपवलं का त्या बाईनं? यांचे मोठे भाऊ, आमचे भासरे, जन्माचे आंधळे होते, आमी कुठं कोणापासून लपवलं?"

ऐकलं ना? एवढंच झालं असतं. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी एवढंच झालं असतं.

श्यामनं दुसऱ्या दिवशी गाडी केली. प्रणालीच्या रक्तात तेच निघालं. तिच्याही कानांची तपासणी झाली, वरचे बारीक आवाज जायला लागले आहेत. बाळंतपणानंतर तिची सुई सुरू करणार आहेत, तोवर डॉक्टर दर महिन्याला बघतील.

अकोल्याला जाताना गाडीत ती खुशीला मांडीवर घेऊन बसली होती. मूर्तिजापूरपर्यंत तिच्या कानावरचे केस मागं सारत होती. मग मला विचारलं, "मामी, आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून ते लिहिलं तेव्हा खुशीला ऐकू येत होतं?"

मी म्हटलं, हो.



मला आता तुमचं पत्र नको.

दीपमाला

अमरावती, १४ मे २०२४

दीपमाला,

पत्र नको म्हणालीस, तरी लिहिते.

प्रणालीले मुलगा झाला. पहिलं बाळंतपण म्हणून सासूनंच तिले माह्या घरी धाडलं, रीत मोडू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी बाळाच्या पोटऱ्यांवर चट्टे उठले. तिनं मले दाखवले नाहीत. दुपटं बदलताना म्या पाहिले. नवव्या दिवशी श्याम गाडी घेऊन आला अन दोघं त्याले घेऊन अकोल्याले गेले. मले चल म्हटलं नाही. तिथून आल्यावर फ्रीजमध्ये भाज्या एका बाजूले सरकवून सुयांचा डबा ठेवला. बाळाचा एक, तिचा एक. आता बाळाचं अंग साफ आहे. टाळी वाजवली का डोळे मिचकावते. मी टाळी वाजवून पाहते, मले ऐकू येत नाही, त्याले येते.

माहे कान या हिवाळ्यात पार गेले. मशीननंही काही नाही. मी ओठ पाहून समजते. प्रणालीले हे लहानपणापासून माहीत आहे. दोन वर्षांची होती तेव्हा माह्या हनुवटीले धरून तोंड आपल्याकडे वळवे, अन मंग बोले.

ती माह्याशी भांडत नाही. जेवाले वाढलं तर जेवते. तेल लावून देते तर घेते. बोलतेही, रोज बोलते. पण बोलताना पाठ करते. सुरुवातीले वाटलं, बाळाले पाजून राहिली म्हणून. मंग समोर जाऊन बसली, तर तिनं तोंड भिंतीकडे केलं अन बोलत राहिली. मान हलते, खांदे हलतात, त्यावरून समजते का बोलून राहिली. थांबते, उत्तराची वाट पाहते. मी काय उत्तर देऊ? मंग पुन्हा बोलते.

आज दुपारी लय वेळ बोलली. एवढं तर कधीच बोलली नव्हती. मधातच एकदा पदर डोळ्याले लावला, असं मागून दिसलं. मंग बाळाले घेऊन आत गेली अन दार लावलं.

उद्या श्याम तिले घ्याले येऊन राहिला. ती तुह्याकडे हिवरखेडले येणार आहे म्हणते, असं त्यानं मागच्या खेपेले मले कागदावर लिहून दाखवलं.

ती आली तर तिले विचारशील का, आज ती काय म्हणाली? तिनं सांगितलं तर जसंच्या तसं लिही. मले राग येणार नाही. काहीही असलं तरी लिही.

शकुन